ताळिमेडूचं टिपण

तंजावूरला माझी पहिली बातमी छापून आली त्या सकाळी समोरच्या घरातले गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन माझ्या दारात उभे राहिले. उंच, काटक, पांढरा सदरा, खिशात टोक काढलेली पेन्सिल. बातमी फुटलेल्या नळाची होती. नळ बसस्टँडपासून अंदाजे एक किलोमीटरवर आहे, असं मी लिहिलं होतं.

"अंदाजें म्हणून लिहिलांत," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही गेलां नाहीं."

मी गेलो नव्हतो. फोनवर विचारून लिहिलं होतं.

"मी आत्तां जाऊन आलों. एक हजार एकोणीस पावलें. माझें पाऊल अडीच फुटाचें. पाऊण किलोमीटरला थोडें जास्त होतें. सरि, काप्पी प्यायला या."

ते वेंकोबाराव. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले सर्व्हेयर. मराठ्यांच्या राज्यात जी कुटुंबं तंजावूरला आली आणि तिथलीच झाली, त्यांपैकी एकातले. घरी मराठी बोलत. ती जुन्या वळणाची होती आणि तिचा हेल तमिळ होता. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. हे लिखाण त्यांच्यापुढे ठेवलं असतं तरी त्यांनी त्यातले आकडे तेवढे मोठ्याने वाचायला सांगितले असते.

मी एका इंग्रजी दैनिकाचा जिल्हा बातमीदार म्हणून नव्वदच्या दशकात तिथे पाच वर्षं होतो. त्या काळात माझ्या बातम्यांमधून 'अंदाजे' हा शब्द गेला. संपादकांनी कधी कारण विचारलं नाही.

रावांना चालताना मोजण्याची सवय होती. कुणी वाटेत हाक मारली तर ते थांबत नसत, मानही वळवत नसत. उजव्या हाताचं एक बोट वर करत. मोजणी चालू आहे, असा त्याचा अर्थ. गल्लीतले लोक मग त्यांच्या शेजारून मुकाट्याने चालत आणि ते पोचले की बोलायला सुरुवात करत. नव्या माणसाला हा गृहस्थ गर्विष्ठ वाटे.

पुढच्या खोलीत खुंटीवर एक जुनी साखळी टांगलेली असे. सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची, दर दहा कड्यांना पितळी बिल्ला. खात्यात मीटरच्या साखळ्या आल्या तेव्हा जुन्या मोडीत निघाल्या, त्यातली ही रावांनी लिलावात घेतली होती. आयुधपूजेला तिला चंदन-कुंकू लागे. एरवी महिन्यातून एकदा शेंगदाण्याचं तेल.

"आमच्या लग्नांत भटजी मंत्र सांगतात, हे मांडवाचे खांब बघतात," त्यांच्या पत्नी कावेरीबाई कॉफीचे पेले ठेवता ठेवता म्हणाल्या. "एक खांब वांकडा म्हणून सांगितलांत कीं नाहीं?"

"वांकडा होता."

"म्हणून काय झालें? लग्न झालेंच कीं."

"लग्न सरळ झालें," राव म्हणाले. "खांब वांकडाच होता."

त्यांच्या कामाची ख्याती मी प्रथम पापनाशमच्या बाजूला ऐकली. कालव्याच्या काठाला दोन भावांचा बांधावरून तंटा होता. अकरा वर्षं एकमेकांशी बोलणं नव्हतं. राव मोजायला गेले ते, लोक सांगत, मुद्दाम साखळीवाल्याला न घेता. साखळीचं एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या. आकडा मोठ्याने ओरडून सांगायचा आणि समोरच्याने तो परत ओरडायचा, असा नियम सांगितला. भाताच्या शेतात दोन भाऊ दुपारपर्यंत एकमेकांना आकडे ओरडून सांगत राहिले. बांध धाकट्याच्या बाजूला दोन कड्या सरकलेला निघाला. धाकट्याने तो तसाच राहू दिला. मी रावांना या युक्तीबद्दल विचारलं, तर त्यांना त्यात युक्ती दिसत नव्हती. "साखळीवाल्याला ताप होता," ते म्हणाले.

मात्र तिथल्या न्यायालयात 'हे टिपण रावांचं' असं कळलं की दोन्ही वकील खाली बसतात, हे मी स्वतः दोनदा पाहिलं. टिपण म्हणजे एका सर्व्हे नंबराचा मोजून काढलेला नकाशा. जमिनीची खरेदी, विक्री, वाटणी, सगळं त्याच्यावर चालतं.

त्या वर्षांत तंजावूरच्या नैर्ऋत्येला, जिथे कालव्यांचं पाणी पोचत नाही आणि माती लाल होते, तिथे भुईमुगाच्या रानांमध्ये पांढरे दगड दिसू लागले. रानाचे प्लॉट पडत होते. प्रत्येक योजनेला कुठल्या तरी देवीचं नाव आणि पुढे 'नगर'. रविवारी फुकट व्हॅन असे, प्लॉट पाहायला येणाऱ्यांना लिंबूभाताची पुडी मिळे. मला त्यावर लिहायचं होतं. गाव सेम्मणपट्टी आहे म्हटल्यावर राव म्हणाले, "तें मी मोजलें आहे. मीही येतों."

व्हॅनमधून उतरल्यावर मॅनेजरने सगळ्यांना छापील नकाशे वाटले. तरुण होता, गळ्यात टाय, अदबीने बोलणारा. लोक आपापल्या नंबराचा दगड शोधायला पांगले. राव जागच्या जागी उभे राहिले. नकाशाकडे पाहत, मग समोर पाहत, मग पुन्हा नकाशाकडे.

समोर एक टेकाड होतं. दीड पुरुष उंचीचं, वर लाल जांभ्याचे धोंडे, मध्ये एक वाकडा कडुनिंब. पायथ्याशी सगळ्या बाजूंनी उपडी ठेवलेली मातीची मडकी. काही काळी पडलेली, काही अर्धी मातीत गेलेली. गावात त्याला ताळिमेडू म्हणत. ताळि म्हणजे रांजण, मेडू म्हणजे उंचवटा. आत रांजणांमध्ये माणसं पुरलेली आहेत. कोणत्या काळातली, ते गावाला ठाऊक नव्हतं आणि अडतही नव्हतं. पूर्वी माणसं मरत नसत, म्हातारी होत होत लहान होत, मग त्यांना दिवा आणि धान्य देऊन रांजणात बसवत, एवढंच सांगत. टेकाडावर कुणी पाय देत नसे. पोंगलला घरात नवं मडकं आलं की जुनं फोडायचं नाही, ताळिमेडूच्या पायथ्याशी नेऊन उपडं ठेवायचं, अशी रीत होती.

छापील नकाशात टेकाड नव्हतं. त्या जागी सहा प्लॉट होते आणि अर्धा रस्ता. शंभर पावलांवर एक पिवळं यंत्र उभं होतं.

"इथे हा उंचवटा आहे," मी मॅनेजरला म्हटलं.

"सरकारी टिपणात नाही, सर. टिपणात सपाट जमीन आहे. आम्ही टिपणाप्रमाणे सपाट करून देऊ."

"टिपण कुणाचें आहे?" रावांनी तमिळमध्ये विचारलं.

मॅनेजरने पिशवीतून प्रत काढली, कोपऱ्यातली सही वाचली आणि हसला. त्याला सही ओळखीची होती, माणूस नव्हता. "राव सर म्हणून होते. त्यांच्या टिपणावर कोर्टसुद्धा बोलत नाही."

रावांनी छापील नकाशाची घडी घातली. परतताना व्हॅनमध्ये त्यांनी लिंबूभाताची पुडी उघडली नाही. घर आलं तेव्हा उतरता उतरता म्हणाले, "काप्पीला या. सांगायचें आहे. लिहून घ्या."

त्यांनी सांगितलं ते असं. शेत मोजताना एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण धरायचा आणि तो साखळीने चालायचा. वाटेत विहीर, खडक, उंचवटा जे लागेल ते कितव्या कडीवर लागलं याची नोंद करायची. सेम्मणपट्टीच्या त्या शेताचा कर्ण नेमका ताळिमेडूवरून जात होता. राव तेव्हा नोकरीत नवे होते. दोघे साखळीवाले टेकाडावर चढेनात. गावातली माणसं आली आणि हात जोडून म्हणाली, आत बसलेली माणसं आहेत, वरून लोखंड ओढू नका. रावांनी ऐकलं. या बाजूच्या पायथ्यापर्यंत मोजलं, त्या बाजूच्या पायथ्यापासून पुढे मोजलं. मधलं अंतर डोळ्यांनी पाहून एक साखळी लिहिलं.

"टेकाडाला वळसा घालून मोजतां येत होतें," राव म्हणाले. "एक दिवस जास्त लागला असता. मी घातला नाहीं. आणि टेकाड दाखवलें असतें तर वरच्यांनी विचारलें असतें, चढणीवर साखळी कशी धरलीस, तिची नोंद कुठें. म्हणून टेकाडही दाखवलें नाहीं."

"एक दिवस का नव्हता?"

"कारण विचारूं नका. कारण होतें. कारणानें रेघ खरी होत नाहीं."

टेकाड त्या वेळी टिपणात आलं असतं तर ते वेगळं काढून पोरंबोकु म्हणून नोंदलं गेलं असतं. पोरंबोकु म्हणजे कुणाच्याही मालकीची नसलेली सरकारी जागा. ती विकता येत नाही. रावांनी ते दाखवलं नाही, म्हणून ते शेताबरोबर शेतमालकाच्या नावावर गेलं आणि शेताबरोबर विकलं गेलं. कुणी फसवणूक केली नव्हती. कागद बरोबर होते.

"अख्ख्या नोकरींत एक साखळी," राव म्हणाले. "ती मी चाललों नाहीं."

दुसऱ्या दिवशी ते तालुक्याच्या मोजणी कार्यालयात गेले. मी बरोबर होतो. तिथले निरीक्षक सेल्वराज हे रावांच्या हाताखाली शिकलेले. ते खुर्चीतून उठले, रावांना बसवलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.

"सार, नवीन पोरांना टिपण कसं असावं ते दाखवायला मी तुमचीच काढतो."

"हें दाखवूं नको."

"अर्ज गावकऱ्यांच्या नावाने द्या. टेकाड वाचवा म्हणून. देवस्थान म्हणून लिहा. तुमचं टिपण चुकलं, असं कशाला?"

"गांवकऱ्यांचा अर्ज आला तर तूं काय बघशील?"

"टिपण बघेन."

"टिपणांत काय आहे?"

सेल्वराजांनी दार लोटून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सार, एक रेघ न चालता लिहिली, असं तुम्ही शपथेवर दिलंत, तर उद्या प्रत्येक वकील तुमचं प्रत्येक टिपण उकरून काढेल. तीस-पस्तीस गावं आहेत. मिटलेले तंटे उठतील. तुमच्या नावाचं काय राहील?"

"उकरूं दे. दुसरी सांपडली तर तीही लिहून देतों."

घरी कावेरीबाईंनी ते ऐकलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"चाळीस वर्षें मला ऐकवलांत. सांबारांत मीठ जास्त झालें तर मोजून घाल म्हणून सांगितलांत. दुधाचें माप बघितलांत. अस्कीं चुका माझ्या, एकही तुमची नाहीं. आतां शपथेवर चूक करायला निघालांत?"

"चूक केव्हांच केली. आतां सांगतों."

"मला आधीं सांगायची होती," त्या म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून विचारलं, "जातांना कुठला सदरा घालणार? तो धुतलेला नाहीं."

रावांनी प्रतिज्ञापत्र स्वतः लिहिलं. इंग्रजीत, चार वाक्यं. तिसरं वाक्य असं होतं की त्या कर्णावरची अमुक ते अमुक कडी ही एक साखळी मी मोजलेली नाही, मोजली असं लिहिलं आहे. टायपिस्टने 'नजरचुकीने' हा शब्द घातला होता. रावांनी तो खोडून पुन्हा टाइप करायला लावलं.

सोमवारी जिल्हाधिकारी लोकांचे अर्ज स्वतः घेतात. राव सोमवारी रांगेत उभे राहिले. पुढच्या सोमवारी पुन्हा. अर्ज तोच, खाली आधीच्या अर्जांचे क्रमांक वाढत जात. पाण्यासाठी, पेन्शनसाठी, रस्त्यासाठी आलेल्या माणसांच्या रांगेत ते हाताची घडी घालून उभे असत. तिसऱ्या की चौथ्या सोमवारी पुढच्या बाईने वळून विचारलं, ऐया, तुमची तक्रार कुणाविरुद्ध? राव म्हणाले, "सर्व्हेयरविरुद्ध." ती म्हणाली, ते सगळे असेच असतात. राव म्हणाले, "खरें आहे."

एका सोमवारी मॅनेजरही तिथे भेटला. आता तो रावांना ओळखत होता. त्याने नमस्कार केला. "टिपण तुमचंच आहे, सर," तो म्हणाला. "आम्ही तुमच्याच शब्दावर जागा घेतली. तुमच्याविरुद्ध आम्ही कसं जाणार?" तो टोमणा नव्हता, तो खरोखरच पेचात होता. राव म्हणाले, "तुमचेंही नुकसान केलें. अर्जांत तेंही लिहितों." पुढच्या अर्जात ते वाक्य होतं.

सातव्या सोमवारनंतर फेरमोजणीचा आदेश निघाला. तोपर्यंत यंत्राने टेकाडाच्या पूर्वेचा एक लचका तोडला होता. लाल मातीत एका रांजणाचा काठ उघडा पडला होता, हाताएवढा जाड. पेच्चियम्माळ नावाच्या म्हातारीने त्यावर ताडाच्या पानांची चटई टाकली होती आणि ती शेजारी बसून होती. गावात रीत सांभाळायचं काम तिच्या घराकडे असे. मी वाकून चटईखाली पाहिलं. राव वाकले नाहीत.

"आंत कोण आहे तें माझें काम नाहीं," ते मला म्हणाले. "बाहेर कुठपर्यंत आहे तें माझें काम."

सेल्वराज दोन साखळीवाले घेऊन आले होते. मॅनेजर सावलीत उभा होता. सेल्वराजांनी कर्णाच्या रेषेत झेंडा रोवला आणि माणसाला वर चढायची खूण केली. पेच्चियम्माळ उठली.

"वरून नाही," ती म्हणाली. "तेव्हाही सांगितलं होतं. तेव्हा एक सर्व्हेयर आला होता, चांगला माणूस होता, त्याने ऐकलं."

"तो मीच," राव म्हणाले.

तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तू म्हातारा झालास."

"ऐकायला नको होतें, असें नाहीं," राव सावकाश म्हणाले. "ऐकून वळसा घालायला हवा होता. आज घालतों."

टेकाडाची कड कुठली, हा मग प्रश्न आला. माती पावसाने वाहून खाली पसरलेली. मॅनेजर म्हणाला, कड इथे आत धरा. सेल्वराज म्हणाले, थोडी बाहेर. दोघेही डोळ्यांनी सांगत होते. रावांनी म्हातारीला विचारलं, "मडकीं कुठें ठेवतां?"

"पाय थांबतो तिथे."

"तुमच्या सासूनें कुठें ठेवलीं?"

"तिथेच."

राव खाली बसले आणि हाताने माती बाजूला केली. वरच्या मडक्याखाली जुनं मडकं होतं, त्याच्याखाली त्याहून जुन्याची खापरं. हात दीड हात खोल, एकाच जागी. गावाने पिढ्यान्‌पिढ्या एकच कड सांभाळली होती. ती कागदावर नव्हती, एवढंच.

त्यांनी पिशवीतून आपली जुनी साखळी काढली. सरकारी साखळी सेल्वराजांकडे होती. पण त्यांनी आपल्या माणसाला बाजूला केलं आणि साखळीचं दुसरं टोक स्वतः धरलं. मडक्यापासून मडक्यापर्यंत, वळसा घालत. राव आकडा सांगत, सेल्वराज तो परत सांगत. पूर्वेला, जिथे यंत्राने कड खाल्ली होती, तिथे मडक्यांचे तुकडे राशीत सापडले. पेच्चियम्माळने एकेक उचलून होतं तिथे ठेवलं आणि साखळी त्यावरून गेली. वेढा पूर्ण व्हायला दुपार झाली. त्यावरून मधलं अंतर काढलं. रावांनी तेव्हा डोळ्यांनी पाहून सहासष्ट फूट लिहिलं होतं. ते सदुसष्ट निघालं.

"फार चुकलं नव्हतं, सार," सेल्वराज म्हणाले.

राव साखळी पुसत होते. "अंदाज चांगला होता," ते म्हणाले. "तेंच वाईट."

नव्या टिपणात त्या शेताचे दोन तुकडे झाले. लहान तुकडा गोल आहे आणि त्याच्यापुढे पोरंबोकु असं लिहिलेलं आहे. योजनेतले सहा प्लॉट रद्द झाले, रस्ता वळवला गेला. मी अकरा ओळींची बातमी दिली. रावांनी ती छापण्याआधी ऐकली आणि सदुसष्टच्या पुढे 'फूट' लिहायचं राहिलंय हे दाखवलं.

सेल्वराज म्हणाले होते तसंच झालं. वर्षाच्या आत तीन जुन्या दाव्यांमध्ये वकिलांनी प्रतिज्ञापत्राची प्रत पुढे केली. या सर्व्हेयरने न चालता लिहिल्याचं स्वतः कबूल केलं आहे, असं म्हणू लागले. पूर्वी राव न्यायालयात आले की खुर्ची मिळे. आता ते बाकावर बसत. तिन्ही ठिकाणी फेरमोजणी झाली, तिन्ही टिपणं कडीला कडी जुळली. तरी रावांनी तिथे थांबायचं ठरवलं नाही.

"तीन जुळलीं म्हणजे अस्कीं जुळलीं असें नाहीं," ते मला म्हणाले. त्यांनी वहीच्या एका पानावर आपण मोजलेल्या गावांची यादी केली होती, तमिळमध्ये, एकाखाली एक. मग ते रोज सकाळच्या बसने एकेका गावी जाऊ लागले. कर्णामागून कर्ण पावलांनी चालायचे, संध्याकाळच्या बसने परत. कुणी सांगितलं नव्हतं. कावेरीबाई डबा देत. "पाय दुखतात म्हणून मला सांगूं नका," असं दारातून सांगत आणि रात्री तेल गरम करून ठेवत.

"काही सापडलं?" मी मधून मधून विचारत असे.

"नाहीं. गांवें उरलींत."

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो, तर राव घरी नव्हते. पापनाशमच्या बाजूला गेलेत, असं कावेरीबाईंनी सांगितलं. माझी बस कुंभकोणमच्या रस्त्याने जाणार होती. कालव्यापलीकडे भाताच्या शेतांत पाणी भरलेलं होतं, लावणी झालेली होती. पापनाशमच्या अलीकडे बस एका फाट्यावर थांबली, आणि मला ते दिसले. धोतर वर खोचलेलं, चपला हातात, गुडघाभर चिखलात, बांध सोडून शेताच्या मधून तिरके चाललेले. बांधावरून गेले असते तर सुकेच पोचले असते.

मी खिडकीतून नाव घेऊन हाक मारली. बसमधल्या आणखी दोघांनी मारली.

त्यांनी मान वळवली नाही. उजव्या हाताचं एक बोट वर केलं.